सात दिवसांचा मोकळा माणूस

हेमराज ढोमणे सहा फूट पाच इंच उंच होता, आणि तरी देवळात त्याचं डोकं माझ्या पायाला आधी लागायचं.

त्या एकादशीलाही तसंच झालं. आमच्या नंदनवन वस्तीतल्या विठ्ठलमंदिरात दुपारी चारला उभं राहिलेलं कीर्तन सहाच्या सुमारास आरतीवर आलं. बुक्क्याचं ताट फिरलं आणि आमच्या रिवाजाप्रमाणे जो तो शेजारच्याच्या पाया पडू लागला. लहान-मोठा, मालक-नोकर काही बघायचं नाही. समोरच्यात देव आहे असं दोन तास ऐकलंय ना, मग आता वाका, एवढंच. मी कमरेत वाकतोय तोवर हेमराज गळ्यातला मृदंग बाजूला सारून पार खाली पोचला होता.

"मैदानावर एवढ्या चपळाईनं वाकले असते हेमाभाऊ, तर मागचा सामना हातचा गेला नसता," मी म्हटलं.

"मैदानावर समोर देव नसते जी, कोपर असते," तो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर मनापासून हसला.

मलाही हसू आलं, पण ते वरवरचं होतं. त्या दिवशी कीर्तनाचा उत्तरार्ध माझ्या कानावर पडला तेवढाच, आत काही गेलं नव्हतं. भिवापूरकर महाराजांनी कुठलं आख्यान लावलं होतं हेही मला आज आठवत नाही. आणि मी तर असा माणूस, की महाराजांनी कुठे श्वास घेतला तेसुद्धा आठवडाभर घरी सांगत बसायचो. डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट घोळत होती. देवळामागच्या विहिरीच्या कठड्याशी मी हेमराजला घेऊन गेलो आणि म्हणालो, जरा बसा, बोलायचं आहे.

ती लीग आता कुणाला आठवत नसेल. बास्केटबॉलचे सहा शहरांचे सहा संघ, चार मोसम चालली आणि बंद पडली. मी शाळेतली खेळशिक्षकाची नोकरी सोडून आमच्या संघाचा व्यवस्थापक झालो होतो. संघ कोठेकर साहेबांचा. त्यांचा पाइपांचा कारखाना होता आणि खेळातलं त्यांना फक्त जिंकणं समजायचं. हेमराज पहिल्या दिवसापासून आमचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहून धक्के खाणारा माणूस. वय पस्तीस. पोरं त्याच्या खांद्याआडून खेळायची.

लीगचा मुख्य नियम पगाराच्या मर्यादेचा. प्रत्येक संघानं वर्षाला खेळाडूंवर एक कोटीच खर्च करायचे. श्रीमंत मालकानं सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत म्हणून केलेला नियम होता, आणि चांगलाच होता. करार संपला की खेळाडू मोकळा, त्यानं हवं त्या संघाशी बोलावं. पण जुन्या संघाचा त्याच्यावर हक्क राहायचा, आणि जोवर हक्क ठेवला आहे तोवर त्याचा गेल्या वर्षीचा पगार त्या एका कोटीत धरला जायचा. तो परत खेळो की न खेळो, त्याच्या नावाची जागा अडलेली.

हेमराजचा करार मे अखेरीस संपला होता. त्याच्या नावावर नऊ लाखांची जागा अडली होती. आणि कोठेकर साहेबांना लुधियानाचा जसकरण हवा होता. एकवीस वर्षांचा, सात फुटाला एक बोट कमी. तो चौदा लाख मागत होता आणि आमच्याकडे जागा होती सहाची.

म्हणजे हेमराजवरचा हक्क सोडायचा. पत्र लिहून द्यायचं, की हा माणूस आमचा नाही. मग जसकरणला घ्यायचं. आणि नंतर हेमराजला किमान पगारावर परत बोलवायचं, कारण किमान पगाराचा एक खेळाडू मर्यादा भरल्यावरही घेता यायचा. फक्त हक्क सोडल्यापासून सात दिवस त्याच्याशी संघानं बोलायचं नाही, भेटायचं नाही, आणि परत घेण्याचा शब्द तर आधी मुळीच द्यायचा नाही. तोंडीसुद्धा नाही. दिला आणि उघडकीला आला, तर नव्या खेळाडूचा करार रद्द, संघाचे गुण कापले जाणार आणि व्यवस्थापक कायमचा बाहेर. नियमांच्या पुस्तकातलं ते पान मला तोंडपाठ होतं.

कोठेकर साहेबांनी आदल्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून सगळं समजावलं होतं. मी म्हटलं, साहेब, त्यानं विश्वास कशावर ठेवायचा, लिहून तर काही देता येणार नाही. ते खुर्चीत मागे रेलले.

"साठवणे, तुम्ही दोघं कीर्तनवाले. तुमच्या शब्दाला त्याच्याकडे कागदाची गरज आहे का? देवळातच बोला. तिथं आपलं कोण ऐकतंय."

मी देवळातच बोललो.

हेमराज कठड्यावर बसून ऐकत होता. बसला तरी त्याचं डोकं माझ्या छातीशी यायचं. कपाळावरचा बुक्का घामानं ओघळून नाकापर्यंत आला होता. मी त्याला सगळं नीट सांगितलं, नियमासकट. उद्या हक्क सोडल्याचं पत्र येईल, त्यावर पोच म्हणून सही करायची. आठव्या दिवशी किमान पगाराचा करार. एक मोसम तसा काढायचा आणि पुढच्या वर्षीपासून सहायक प्रशिक्षक म्हणून कायमचा.

त्यानं थोडा वेळ मृदंगाच्या वाद्या बोटानं चाचपल्या. मग म्हणाला, चेन्नईवाल्यांचा फोन आला होता, नऊ देतो म्हणतात, दोन वर्षांचं. घरी बायकोनं, सुनंदानं, तर मनातल्या मनात सामान बांधून ठेवलं आहे.

खरं तर त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, जा.

"कायमचं म्हणजे, पोरांना शिकवायचं काम?" त्यानं विचारलं.

"हो."

"म्हणजे गाव सोडावं लागत नाही. एकादशी चुकत नाही." तो उठला आणि माझ्यापुढचं आभाळ जरा झाकल्यासारखं झालं. "शब्द तुमचा का कोठेकर साहेबांचा?"

"माझा."

"मग झालं जी. चेन्नईला नाही म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं कचेरीत येऊन पोच दिली. 'यापुढे संघाचा या खेळाडूशी कोणताही संबंध नाही' या ओळीखाली त्याची सही, खाली तारीख. दुपारपर्यंत ते पत्र लीगकडे गेलं, संध्याकाळी चेन्नईनं दुसरा माणूस घेतला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जसकरणचा करार झाला. हेमराज मोकळा झाला. त्या सात दिवसांत तो कुणाचाच नव्हता. संघाचा विमा करारातल्या किंवा हक्कातल्या खेळाडूंचाच असायचा, त्यामुळे विम्याच्या यादीतूनही त्याचं नाव गेलं. ते नाव मीच खोडलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी कोठेकर साहेब सराव बघायला येणार असा निरोप आला.

जसकरण भला मुलगा होता. उंची होती, हात मऊ होते, पण पाय अजून कुठल्या तरी दुसऱ्याच मुलाचे असल्यासारखे पडायचे. बास्केटखाली पाठ लावून उभं राहायचं, मागच्या माणसाचा भार पाठीवर घेऊन फिरायचं, हे त्याला येत नव्हतं. दोन दिवस मी बघत होतो. आमचा प्रशिक्षक पूर्वी बास्केटपासून लांब खेळणारा, त्यालाही ते दाखवता येईना. साहेब आले आणि हाच का तो चौदा लाखांचा, असं विचारलं, तर मी काय सांगणार होतो?

मी हेमराजला फोन केला.

फोन त्यानंच उचलला. मी म्हटलं, अर्धा तास येऊन जा, पोराला पाय कसे रोवायचे तेवढं दाखवा.

"साहेब, सात दिवस व्हायचे आहेत ना अजून? चालते का?"

"घरचं मैदान आहे तुमचं. कोण बघायला येतंय?"

तो सायकलनं आला. जुनेच बूट, जुनीच पांढरी बनियन. पोरांनी त्याला गराडा घातला. कुणी विचारलं, काका, चेन्नईला नाही गेले का? तो म्हणाला, तिकडे मृदंगाला वेगळं काही म्हणतात म्हणे, मला कुठं जमते. मग त्यानं जसकरणला हाताला धरून बास्केटखाली उभं केलं, मागे स्वतः उभा राहिला आणि हिंदी-मराठीची खिचडी करून सांगू लागला, की जमिनीला सांगायचं, मी आता इथून हलणार नाही, मग जमीन तुला धरते. जसकरणला दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं. हेमराजनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला लांबून अंगठा दाखवला.

मग त्यांनी जागा बदलल्या. हेमराज पाय रोवून पुढे, जसकरण मागे. चेंडू वर गेला, दोघांनी वर बघितलं, उडी एकट्या जसकरणनं मारली. खाली येताना त्याचा सगळा भार हेमराजच्या रोवलेल्या उजव्या गुडघ्यावर बाहेरून पडला.

मृदंगाची वादी ताणून तुटते तसा आवाज झाला. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, तिथपर्यंत तो आला.

हेमराज ओरडला नाही. तो पडल्यावर बराच वेळ आपल्या पायाकडे बघत राहिला. पाय जिथे वळायला नको तिथे वळला होता. जसकरण त्याच्या डोक्याशी बसून रडत होता आणि हेमराज त्याला सांगत होता, तुझी चूक नाही बाबा, तू बरोबर उडाला. कोठेकर साहेबांची गाडी फाटकातून आत आली ती याच वेळी. साहेबांनी काच खाली केली, बघितलं, आणि मला जवळ बोलावून एवढंच विचारलं, की याला आत कुणी घेतलं. मी म्हटलं, बघतो साहेब. काच वर गेली.

खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातले तीन बंध तुटलेत. दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर चालेल, कदाचित धावेलही. उशीर झाला तर गुडघा धरेल, पाय दुमडणार नाही. खर्च मोठा होता. हेमराजची सुनंदा एका शाळेत मध्यान्ह भोजन शिजवायची. तिनं आकडा ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, संघ आहे ना.

तिचं चुकलं नव्हतं. नियमांच्या त्याच पुस्तकात, तीन पानं पुढे, लिहिलं होतं की संघानं बोलावून आणलेल्या कुणालाही संघाच्या मैदानावर इजा झाली तर उपचार संघाचे. फक्त संघानं बोलावलं होतं हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि ते म्हटलं, की सात दिवसांत का बोलावलं हा प्रश्न आलाच, आणि त्याच्या मागोमाग विहिरीच्या कठड्यावरचा शब्द.

गावातल्या एका वर्तमानपत्रात 'जुना खेळाडू सरावात जखमी' अशी चार ओळींची बातमी आली. दुसऱ्या कुठल्या तरी संघानं ती कापून लीगकडे पाठवली. सातव्या दिवशी मुंबईहून प्रभुदेसाई मॅडम आल्या. पगाराच्या मर्यादेचे नियम पाळले जातात की नाही हे बघणं त्यांचं काम. साध्या बाई, सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आधी त्या कचेरीत माझ्यासमोर बसल्या.

"साठवणे, तो माणूस त्या दिवशी मैदानावर कसा आला? त्याला कुणी बोलावलं होतं?"

कोठेकर साहेब शेजारच्या खोलीत होते. दार अर्धं उघडं होतं. पण त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं, धमकी तर मुळीच दिली नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे कैक वर्षं मी स्वतःला त्यांनी धमकावलं होतं असं सांगून बघितलं.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "तीन वर्षं रोज येत होता. सवयीनं आला असेल."

त्यांनी लिहून घेतलं. मी मनात ठरवलं होतं, की त्यांनी परत एकदा विचारलं तर खरं सांगायचं. त्यांनी परत विचारलं नाही. कागद फिरवून माझ्यापुढे सही करायला ठेवला.

मग त्या दवाखान्यात निघाल्या आणि मलाही बरोबर यायला सांगितलं.

हेमराज खाटेत मावत नव्हता. खाटेच्या पायथ्याशी स्टूल ठेवून त्यावर त्याचा प्लॅस्टरमधला पाय टेकवला होता. मॅडमनी आपली ओळख सांगितली, प्रकृती विचारली. उशाला त्याचा मोबाइल होता, छोटा, कडेला चिकटपट्टी लावलेला. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आलेला माझा फोन त्यात होता. मी त्या मोबाइलकडे बघत उभा होतो. सुनंदावहिनी खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या दिवशी घरी फोन वाजला तेव्हा त्या तिथेच चहा गाळत होत्या.

मॅडम म्हणाल्या, "हे बघा, व्यवस्थापकांनी लिहून दिलंय की तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही आपल्या मनानं गेलात. हे बरोबर आहे का? नीट आठवून सांगा. तुमच्या उपचारांचा प्रश्न आहे."

हेमराजनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला ते सोपं गेलं असतं. समोरचा माणूस तालाला चुकला की मृदंगावरून तो जसा बघायचा, मात्रा सांभाळून घेतो, तुम्ही चला, तसं त्यानं बघितलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सवयीनं गेलो."

वहिनींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला, फार नाही, चादरीपासून चार बोटं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मॅडमनी चष्मा काढून दोघांकडे बघितलं, मग त्याची सही घेतली. एका आठवड्यात त्याची त्या संघाशी संबंध तोडणारी ही दुसरी सही.

मॅडम गेल्यावर मी परत आत गेलो. वहिनी उठून बाहेर गेल्या. माझ्याशी त्या त्यानंतर कधी बोलल्या नाहीत. मी खाटेच्या कडेला उभा राहून विचारलं, हेमाभाऊ, खरं का नाही सांगितलं?

"तुम्ही आधीच लिहून देऊन बसले होते साहेब. मग मी दुसरं सांगितलं असतं, तर तुम्ही खोटे पडले असते." हे त्यानं इतक्या सरळपणानं सांगितलं, की त्यात टोमणा शोधायला गेलो तरी सापडला नाही. "अन् त्या पोराचाही करार गेला असता. त्याचा काय गुन्हा? बरोबर उडाला होता तो."

मग म्हणाला, "आठव्या दिवशीचा करार तेवढा उद्या आणा. सही इथंच करतो."

मी हो म्हणून बाहेर पडलो. किमान पगाराच्या करारालाही डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला जोडावा लागायचा. हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही गेलो नाही. त्याला सरकारी दवाखान्यात हलवल्याचं कुणीतरी सांगितलं. तिथे रांग होती, शस्त्रक्रियेची तारीख सहा आठवड्यांनी लागली. मी घरून जमेल तेवढे पैसे पाठवले. ते त्याच पाकिटात परत आले, वर वहिनींच्या अक्षरात माझं नाव. सहायक प्रशिक्षकाचं मी कोठेकर साहेबांकडे एकदा काढलं. ते म्हणाले, आता ते कसं दिसेल साठवणे, लोकांना वाटेल आपलं आधीच ठरलं होतं. जसकरण त्या मोसमात छान खेळला. पाठ लावून उभा राहिला की हलायचा नाही. आम्ही दुसरे आलो.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. लीग गेली, कोठेकर साहेबही गेले. कीर्तनाला मी अजून जातो, त्याशिवाय मला करमत नाही. पण मी मागे चपलांपाशी बसतो, आणि आरती सुरू झाली की बुक्क्याचं ताट यायच्या आत उठतो. घरचे विचारतात, शेवटपर्यंत का थांबत नाही. गुडघे दुखतात असं मी सांगतो.

शेवटपर्यंत मी शेवटचा थांबलो तो त्याच वर्षी, दिवाळीआधीच्या एकादशीला. चार महिने मी देवळाकडे फिरकलो नव्हतो. भिवापूरकर महाराजांचं कीर्तन आहे असं कळलं आणि राहवलं नाही. मृदंगावर कुणी नवीन होता. हेमराज सभामंडपाच्या पुढच्या खांबाला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, उजवा पाय समोर सरळ काठीसारखा, दोन्ही हातांनी मांडीवर ठेका धरून. गुडघा धरला होता. अंग उतरलं होतं, उंची तेवढी तीच.

आरती झाली. बुक्का लागला. लोक एकमेकांच्या पाया पडू लागले. मी निघणार तोच त्यानं मला बघितलं आणि हात केला. गर्दीतून वाट काढत मी त्याच्यापाशी गेलो. या वेळी तरी आपण आधी, एवढंच माझ्या मनात होतं. मी खाली वाकलो आणि त्या सरळ झालेल्या पायावर डोकं ठेवलं. तिथे मी किती वेळ होतो, मला माहीत नाही.

वर उठलो तर तो खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठत होता. मी म्हटलं, राहू द्या हेमाभाऊ. तो उभा राहिला, खांब धरला, दुसरा हात खाली न्यायला लागला. हात मांडीपर्यंत गेला आणि तिथून पुढे जाईना. त्यानं दोनदा करून बघितलं. मग मागे गाभाऱ्याच्या पायऱ्या होत्या, त्यांच्याकडे मान वळवून बघितलं.

"साहेब," तो म्हणाला, "मले आता वाकता येत नाही. तुम्ही जरा त्या वरच्या पायरीवर चढून उभे राहा. म्हणजे माझा हात पोचते."

लोक थांबून बघत होते.

मी चढलो.